सोमाजी झिलकऱ्याची पहिली ओळ

राजुरीच्या सोमाजीला आयुष्यात कुणी 'पुढं हो' म्हटलं नाही, आणि त्यालाही पुढं व्हायची घाई नव्हती. तो झिलकरी. मुख्य गायक रामदासनं धनगरी ओवीची ओळ टाकायची आणि सोमाजीनं तिचं शेपूट धरून वर न्यायचं, असा दोघांचा बेचाळीस वर्षांचा संसार. "देव निघाला मेंढरांच्या मागं," असं रामदासनं म्हटलं, की "मेंढरांच्या मागं रं" म्हणून सोमाजीची झील आलीच. घरातही तीच तऱ्हा. बायकोचं, रतनबाईचं वाक्य संपल्याशिवाय याला बोलणं सुचत नाही.

रामदास दोन वर्षांपूर्वी गेला. पण गेला तरी गायचा थांबला नाही, ही खरी अडचण. सोमाजीनं ढोल ओढून थाप मारली की कानामागून ओळ यायची. तीच खरखर, ओळीआधीचं तेच खाकरणं. सोमाजी निमूट झील धरायचा. आतल्या खोलीत रतनबाईला मात्र अर्धीच ओवी ऐकू यायची. पहिल्या दिवशी तिनं नवऱ्याला भैरवनाथाचा अंगारा लावला. पुढं सवय झाली. "भावजी आल्यात व्हय? बरं, च्या दोनच कप टाकते. त्यास्नी कुठं लागतोय आता!"

मग एक दिवस रामदासच्या नातीचा, संस्कृतीचा फोन आला. पोरगी पुण्यात रेकॉर्डिंगचं शिकते.

"आबा, आजोबांची ओवी आता तुमच्याशिवाय कुणालाच येत नाही. नारायणगावात गुरुवारी स्टुडिओ घेतलाय. पहिल्या ओळीपासून सगळी गायची बरं का."

"सगळी गायची," सोमाजी म्हणाला. सवयीनं म्हणाला, पण पोरीनं होकार समजून फोन ठेवला.

तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. गाणारा असताना झिलकऱ्यानं त्याची ओळ घ्यायची नसते. आणि रामदास तर रोज येत होता!

"म्या त्याची वळ घेतली तर त्यो येयाचा बंद व्हईल, रतने."

"आन न्हाई घेतली तर?"

"तर ववी माझ्यासंगं जाईल."

रतनबाई उठली. तिनं धोतराला खळ घातली.

तयारी मात्र जंगी झाली. ढोलाच्या दोऱ्या ताणल्या, कातडं उन्हाला शेकलं. दही बंद, ज्येष्ठमध सुरू. उपाशीपोटी गळा मोकळा राहतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून बुधवारी रात्रीचं जेवणही बंद. नुसती पहिली ओळ तेवढी तयार होईना. तोंड उघडावं तर रामदास आधीच हजर. एकदा सोमाजीनं मन घट्ट करून त्याच्याही आधी सूर लावला. कानामागचं खाकरणं मध्येच तुटलं. घर असं गप्प झालं, की सोमाजीनं घाईनं हात जोडले. "म्हण बाबा, म्हण! चुकलं माझं."

गुरुवारी सकाळी ढोल घोंगडीत गुंडाळून दोघं स्टुडिओत पोहोचली.

"आबा, धोतर वाजतंय," काचेपलीकडून संस्कृती म्हणाली. खळ भलतीच कडक झाली होती. मांडीवर ओला पंचा टाकला. "आता पोट वाजतंय." रतनबाईनं गाठोड्यातून भाकरी काढली. देवाच्या कामाला बसलेला माणूस तिथंच चटणीभाकरी खाऊन मोकळा झाला.

मग दार लागलं. भिंतींना स्पंज. इतकी शांतता सोमाजीनं जन्मात ऐकली नव्हती. रानात काही नाही तर वारा तरी असतो. त्यानं थाप मारली आणि रामदास मांडीला मांडी लावून बसल्यासारखा जवळून गायला. सोमाजीनं सगळ्या ओवीची झील धरली आणि तासाभरानं खुशीत बाहेर आला. "आज त्यो लई गायला बघ!"

संस्कृतीनं रेकॉर्डिंग लावलं. ढोल. मग नुसताच ढोल. मग सोमाजीची झील. पुन्हा नुसता ढोल. रतनबाई दोन वर्षं काय ऐकत होती, ते सोमाजीनं आज ऐकलं.

"आबा," पोरीनं हळूच विचारलं, "इथं आजोबा काय म्हणतात? मला ऐकू येत नाही."

सोमाजी उठून पुन्हा आत गेला. तिनं त्याच्या कानाला हेडफोन लावले आणि तेच रेकॉर्डिंग सुरू केलं. मधल्या जागा त्यानं भरायच्या होत्या. ढोल वाजला. रामदास खाकरला. सोमाजीनं डोळे मिटून ओळ टाकली, "देव निघाला..." दोन्ही आवाज एकमेकांवर चढले, ओळभर झटापट झाली. दुसऱ्या ओळीला रामदासचा आवाज जरा मागं होता. दहाव्या ओळीला तो आहे की नाही, हे कळेना. शेवटच्या कडव्याला कुणीच खाकरलं नाही. हेडफोनातून झील आली ती सोमाजीचीच, त्याच्याच ओळीला.

"आबा, झकास! ऐकायचं ना?" संस्कृतीनं डोळे पुसत विचारलं.

"तू ऐक, बाय. मी भाईर बसतो."

बाहेर बाकड्यावर तो पार एका टोकाला बसला. समोर टोमॅटोच्या पिकअप गाड्या हॉर्न वाजवत चालल्या होत्या. रतनबाई आली आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसायला लागली. "हितं..." म्हणून त्यानं हात आडवा केला. खाकरणं येतंय का म्हणून त्यानं कान दिला, पण नुसते हॉर्नच आले.

मग त्यानं हात काढला. "बस," तो म्हणाला.