साहेब येणार म्हणून

वेरूळची लेणी बघायला म्हणून मी चिपळूणहून निघाले आणि लेणी न बघताच परत आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कैलास लेण्याच्या वर्णनाची कुणी वाट बघत बसणार नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या बसस्टँडवर रविवारी सकाळी उतरले तेव्हा अंग नुसतं आंबून गेलं होतं. रिक्षा करून उस्मानपुऱ्यात रेहानाकडे गेले. डी.एड.ला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. पुढे मी बँकेत चिकटले आणि ती जिल्हा परिषदेच्या शाळेत. दार तिच्या अम्मींनी उघडलं. माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत त्यांनी विचारलं, "कोन आहे?"

मी बोलले तसा त्यांचा चेहरा खुलला. "आवाजावरून वळखलं बेटा. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. रेहानाला सुट्टीच नै मिळत, मग आपरेशन कधी करायचं?"

मला वाटलं, म्हातारं माणूस जरा वाढवून बोलतंय. दुपारी नान खलिया (भट्टीतली जाड रोटी आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खाताना रेहानाने सगळं सांगितलं. शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. त्यातले सर मतदारयाद्यांच्या कामावर गेले ते परतलेच नाहीत. तिने रजा घेतली तर शाळेला कुलूप. कार्यालयातून उत्तर ठरलेलं, बदली माणूस नाही.

"उद्या तालुक्याचे साहेब पाहणीला येतायत," ती म्हणाली. "त्यांनी ठरवलं तर सरांना परत पाठवतील. सर आले की दुसऱ्याच दिवशी अम्मींना छावणीतल्या दवाखान्यात नेते बघ. तू चल माझ्यासोबत, शाळा वेरूळच्या वाटेवरच आहे. तिथून पुढं जा."

सोमवारी तिच्या स्कूटीवर मागे बसून निघाले. दौलताबादचा किल्ला डोक्यावर आला आणि रस्त्याकडेला सीताफळांचे ढीग लागले. मी दोन घेतली. तिने घड्याळ दाखवून मला पुन्हा गाडीवर बसवलं.

शाळेच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीत एक दार होतं. होतं म्हणजे चौकट होती, दार गावकऱ्यांनी काढून टाकलेलं. रेहाना त्या उंबऱ्यात उभी राहते आणि डावीकडे पहिली-दुसरी, उजवीकडे तिसरी-चौथी अशी शाळा चालवते. इकडे कविता, तिकडे वजाबाकी. तेवढ्यात कार्यालयातून फोन आला. नव्या रोपांचे फोटो पाठवा, आत्ताच्या आत्ता. शाळेत इंटरनेटला रेंज नाही, त्यासाठी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ती तिकडे धावली आणि इकडे वजाबाकीवाल्यांनी कविता सुरू केली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, लेणी काय, दुपारी बघू. पिशवी ठेवली आणि पहिलीच्या पोरांत जाऊन बसले.

एवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष भानुदासकाका झेंडूची माळ घेऊन आले. मागोमाग पताका, रांगोळीचे डबे, चुन्याची बादली. मी विचारलं, "काका, हे कशाला?"

"सायेब येनार म्हन्ल्यावर गावाची इज्जत हाय, ताई."

"अहो, पण त्यांना अडचण दिसायला नको का?"

"व्हय, दिसू द्या की. पन पाव्हन्याला असा गोंधळ दावायचा व्हय? लई वंगाळ दिसंल."

वैतागून रेहानाकडे बघितलं, तर बाईसाहेब दारात मोर काढत बसलेल्या. तिला बाजूला ओढून म्हटलं, "आज नुसती त्या उंबऱ्यात उभी राहा. रोज होतं तसंच होऊ दे."

"हौ गं, पण पोरांनी पाढे पाठ केलेत. किती दिवस झाले, विचारतायत साहेब कधी येणार म्हणून."

साहेब आले. पोरांनी तेविसाचा पाढा न अडखळता म्हटला. माझ्यासमोरची पहिलीची पोरं ओळीत बसून वाचत होती, कारण मी तिथे बसले होते. माझ्याकडे बघून साहेबांनी विचारलं, "या कोण?" काका अभिमानाने म्हणाले, "पाव्हन्या हायेत, मदत करत्यात." साहेब म्हणाले, "वा, लोकसहभाग!" मला पिशवी उचलून तिथून पळावंसं वाटलं.

खिचडी खाऊन झाल्यावर रेहानाने सरांचा विषय काढला. साहेब समजुतीने म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकट्या शाळा इतकी छान चालवताय. सरांना आता दुसरीकडे द्यावं लागेल. ज्या शाळांचं खरंच अडलंय, त्यांचं आधी बघायला हवं ना?"

मी म्हटलं, "साहेब, मी चार दिवसांची पाहुणी आहे. मी गेल्यावर काय?"

"परत या की," ते हसून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडेही द्यायला माणसं नव्हती. गाडी वळणाआड गेली आणि काका हातातल्या उरलेल्या माळेकडे बघत म्हणाले, "म्हंजी, आता सर नाय यायचे?" रेहाना आत गेली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

पुढचे दिवस मी शाळेतच जात राहिले. एकदा तिला म्हटलं, "मी सांभाळते पोरं, तू अम्मींना घेऊन जा." ती म्हणाली, "कुणाचं पोर पडलं-झडलं तर? तुझ्या भरवशावर शाळा सोडली म्हणून माझी नोकरी जाईल." तेही खरंच होतं. रागावायचं तरी कुणावर?

निघायच्या सकाळी अम्मी खाली रस्त्यापर्यंत आल्या. हातात सीताफळांची पिशवी दिली, माझा चेहरा चाचपला. "पुढच्या बार येशील तेव्हा तुला नीट बघते," म्हणाल्या. मी रिक्षात बसले. शेजारी आणखी एक रिक्षा उभी होती, रिकामी. अम्मी तिच्याकडे बघून हात हलवत राहिल्या.

घरी आल्यापासून जो तो लेण्यांबद्दल विचारतो आणि मी शाळेबद्दल बोलायला लागले की विषय बदलतो. परवा रेहानाचा फोन आला. एकशिक्षकी शाळा कशी चालवावी हे बघायला आता दुसऱ्या शाळांचे शिक्षक तिच्याकडे येणार आहेत, सोबत साहेबही. अम्मींचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंय.

मी ओरडलेच, "या वेळी काही सजवू नकोस. झाडूसुद्धा मारू नकोस."

पलीकडून ती म्हणाली, "अगं, पण पोरं आजच रांगोळी घेऊन आलीत."