न पिणाऱ्याची शपथ

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात दारू घेतलेली नाही, आणि सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात, भरल्या सभेत, त्याने दारू सोडल्याची शपथ घेतलेली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अडचण एवढीच की दुसरीचे फोटो आहेत आणि पहिलीचा फोटो काढता येत नाही.

तो सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी ऊस आणि दोन म्हशी सांभाळत राहिला. मी सांगलीत राहतो, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला आहे. मागच्या उन्हाळ्यात गावातलं एक बारसं जेवून तो घरी आला आणि त्याच्या पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं. कळ थेट पाठीपर्यंत जायची. बसवेना, झोपवेना. साताऱ्याला नेलं, रक्त तपासलं, स्वादुपिंडाला सूज आल्याचं सांगितलं. जठराच्या मागे असा एक अवयव असतो आणि तो अन्न पचवायचा रस करतो, हे मला पन्नाशीत तिथे कळलं.

तिथला तरुण डॉक्टर माझ्यासमोर त्याला विचारत होता.

"दारू किती घेता?"

"घेत न्हाई."

"मिलिटरीत होता ना?"

"व्हय."

"मग?"

भावाने पुन्हा 'घेत न्हाई' म्हटलं. डॉक्टर माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." म्हणजे 'हो' म्हणणारा पितो आणि 'नाही' म्हणणारा लपवून पितो. न पिणाऱ्याने काय म्हणावं, याची सोय त्या शास्त्रात दिसली नाही.

सोनोग्राफी झाली. पोटात वायू धरल्यामुळे पित्ताशय नीट दिसत नाही, सूज उतरल्यावर पुन्हा करा, असं रिपोर्टात लिहिलं होतं. सूज उतरली. पुन्हा कुणी केली नाही. कारण सापडलेलंच होतं, मग पोटात डोकावायची गरज काय?

घरी सोडताना डॉक्टरने सांगितलं की सांगलीत स्वादुपिंडाच्या रुग्णांसाठी एक मंडळ चालतं, तिथे जात जा, धीर येतो. मला सोयीचं वाटलं. भावाला आठ दिवस माझ्याकडे ठेवून घेतलं आणि रविवारी त्यांच्या मेळाव्याला गेलो.

मंडळाचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. बाकीचे स्वयंसेवकही त्याच वयाचे, छातीला पिवळे बिल्ले लावलेले, खुर्च्या लावण्यात आणि एकमेकांना शाली घालण्यात गढलेले. ज्यांना तेलकट वर्ज्य आहे अशा लोकांचा हा मेळावा. नाश्त्याला बटाटेवडे होते. मी एका बिल्लेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "रुग्णांनी आतलं सारण खावं, कव्हर काढून." पुढच्या रांगेतली माणसं निमूटपणे वडे सोलत बसली होती.

मग सांगलीतल्या एका नावाजलेल्या पोटाच्या डॉक्टरांचं भाषण झालं. चांगलं बोलले, खोटं कशाला बोलू. स्वादुपिंड सुजायची कारणं त्यांनी पडद्यावर दाखवली. पहिलं कारण पित्ताशयातले खडे; बारीक खडा नळीत उतरून अडकला की सूज येते. दुसरं दारू. खाली आणखी चार-पाच होती. टाळ्या झाल्या, आणि लगेच अध्यक्ष माइकवर आले. "सर्व रुग्णांनी उभं राहावं. उजवा हात पुढे."

आत्ताच सांगितलेली बाकीची सगळी कारणं पडदा गुंडाळताना त्यात गुंडाळली गेली असावीत. सगळ्यांना एकच शपथ: मी आजपासून मद्याला स्पर्श करणार नाही. माझ्या भावाशेजारी मिरजेच्या एक बुरखा घातलेल्या वयस्कर बाई होत्या. त्या घाबरून विचारत होत्या, "क्या बोलना है, भाई?" स्वयंसेवक त्यांना म्हणाला, "आजी, बोलू नका, नुसता हात धरा." भाऊ ताठ उभा. फोटोत सर्वांत चांगला तोच आला आहे.

परत येताना मी रिक्षात विचारलं, "तू कशाला उठलास?"

"उठा म्हनलं, उठलो. सगळीच उठली हुती."

"शपथ कसली आहे ते ऐकलंस का?"

"निम्मी झाल्यावर ध्यानात आलं, दादा. पर मधीच हात खाली घेतला असता तर लोक काय म्हनलं असतं? ह्याला सोडायची न्हाई म्हनून हात खाली घेतला."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच राग आला.

मंडळाने तो फोटो 'माजी सैनिकाचा निर्धार' असं लिहून मोबाइलवर पसरवला. चहा गार व्हायच्या आत तो आमच्या गावात पोचला. सैन्याच्या कँटीनच्या कार्डावर मिळणारी रम भाऊ गावातल्या पाच-सहा जणांना देऊन टाकायचा, स्वतः उघडायचा नाही. त्या पाच-सहा जणांनीच आधी नमस्काराचे हात पाठवले. एकाने लिहिलं, 'उशिरा सुचलेलं शहाणपण.' हा गृहस्थ प्रत्येक दिवाळीला बाटली नेणाऱ्यांपैकी होता.

भावजयीने तोवर नवऱ्यावर कधी शंका घेतली नव्हती. आता ती त्याचा पेला धुवायच्या आधी हुंगायला लागली. गोठ्यातल्या वैरणीत हात घालून बघायची. भावाने मला फोनवर सांगितलं, "म्हशीपरीस माजीच तपासणी जास्त चाललीया."

दोन महिने गेले आणि दुसरा झटका आला. ह्या वेळी सरळ सांगलीला आणलं. भाषणवाले डॉक्टरच बघायला आले आणि त्यांनी भावाला ओळखलं.

"तुम्ही शपथ घेतली होती ना? मी व्यासपीठावर होतो."

 भावजय भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस सहासष्टवर आला होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिसऱ्यांदा झालं तर मी काही खात्री देऊ शकणार नाही. त्यांना समजवा."

दुसऱ्या दिवशी मंडळाचे चौघे नारळपाणी घेऊन आले. अध्यक्षांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक सगळ्यांकडून होते. आम्ही तुम्हाला टाकणार नाही."

"पर केलीच नसली तर?" भाऊ म्हणाला.

"कबुली ही पहिली पायरी असते," अध्यक्ष म्हणाले, आणि मागे वळून फोटो निघाला का ते पाहिलं. माणूस मरणाच्या उंबऱ्यावर आहे आणि त्याच्याकडून न केलेल्या गुन्ह्याची कबुली हवी आहे, तीही प्रेमाने. पोलीस निदान प्रेमाचं नाटक करत नाहीत.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. म्हटलं, "तुम्हीच सांगितलंत, पहिलं कारण खडे. त्याचे खडे कुणी बघितले?"

"अहो, कारण उघड आहे. ते स्वतः सभेत उभे राहिले होते."

"आमच्या काट्यावर ट्रॅक्टरवाला रोज शपथ घेतो की ट्रॉली रिकामी असताना एवढ्या वजनाची आहे. आम्ही मान डोलावतो आणि रिकामी ट्रॉली काट्यावर चढवतो. शपथेवर वजन धरत नाही. सोनोग्राफी परत करा."

"सूज आहे, दिसणार नाही."

"मग दिसेपर्यंत तो इथून हलणार नाही."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. शेवटी म्हणाले, "तुमच्या समाधानासाठी करू."

सूज जरा ओसरल्यावर केली. सोनोग्राफीच्या बाईंनी मशिन पोटावर फिरवलं, थांबवलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. पित्ताशयाच्या तळाला कण्यांसारखे खडे साठलेले. त्यांनी विचारलं, "हे आधी कुणी पाहिलं नाही?" मी म्हटलं, "आधी शपथ झाली होती." त्यांना अर्थातच काही कळलं नाही.

घरी न पाठवता सर्जननी पित्ताशय काढलं. अध्यक्षांना मी स्वतः फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम झालं. पण शपथेने नुकसान तर काही झालं नाही ना?" मी फोन ठेवला.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या सकाळी भाषणवाले डॉक्टर फेरीवर आले. टाके बघितले, घरी जायची परवानगी दिली आणि सवयीने म्हणाले, "आता तेलकट जपून. आणि पिणं मात्र कायमचं बंद."

भावजय पिशवी भरत होती, ती उभी राहिली. "आवं डॉक्टर, ह्यांनी कवाच घेतल्याली न्हाई. म्या बायको असून इश्वास ठिवला न्हाई, ते माजं मी बघीन. पर खडं तर तुमच्याच दवाखान्यात काडलं न्हवं?"

डॉक्टर म्हणाले, "आम्ही सगळ्यांनाच सांगतो, ताई," आणि शेजारच्या खाटेकडे वळले. तिथे विट्याकडचा एक तरुण सोनार आदल्या दिवशी तसंच पोट धरून आला होता. त्याला विचारलं, "किती वर्षं घेताय?" तो काही बोलायच्या आत नर्सला दोन सूचना दिल्या आणि पुढे गेले.

तो पोरगा पांढरा पडला होता. भाऊ सदऱ्याची बटणं लावता लावता त्याच्या खाटेवर टेकला.

"सोनोग्राफी झाली का रं?"

"झाली. गॅसमुळं दिसलं न्हाई म्हनाले."

"मग सूज उतरली की परत मागून घे. न्हाई म्हनले तर भांड. भांडायला येत नसलं तर ह्यो माजा दादा हितंच सांगलीत असतोय, त्याला बलव."

मी माझा नंबर दिला.