मॉरिसवाले टिपणीस

जयप्रकाश टिपणीसांच्या सोफ्यावर एक पांढराशुभ्र, इस्त्रीचा रुमाल पडला होता, मला सर्दी झाली होती, आणि मी त्यात नाक शिंकरलं. शीलावहिनी आतून म्हणाल्या, "अहो भावोजी, तो नाचायचा रुमाल होता."

नाचायचा रुमाल ही चीज तोवर माझ्या कानावर आली नव्हती. टिपणीस कुवेतमध्ये फिंतासला आमच्या खालच्या मजल्यावर राहत, हॉस्पिटलात एक्स-रे काढत, आणि गुरुवारी संध्याकाळी अहमदीच्या तेल कंपनीच्या वसाहतीत जाऊन, पोटऱ्यांना घुंगरांचे पट्टे बांधून पाच इंग्रज इंजिनीअरांबरोबर नाचत. मॉरिस म्हणतात त्याला. सहा पुरुष समोरासमोर उभे राहून रुमाल उडवतात, मध्येच काठ्यांवर काठ्या आपटतात. देवळालीच्या मिशन शाळेतल्या एका गोऱ्या मास्तरांनी लावलेला हा नाद मिसरूड, लग्न, टक्कल सगळं ओलांडून टिकला होता. मी त्याला साहेबी टिपऱ्या म्हणायचो. "आज कुणाला टाटा करून आलात?" असंही विचारायचो. हा विनोद अबू हलीफाच्या आमच्या मराठी मंडळापर्यंत पोचवला तोही मीच.

त्यांचा वर्षाचा मोठा नाच एक मेला, सूर्य उगवताना. आमच्या मंडळाचा महाराष्ट्र दिनही तोच. टिपणीस मंडळात कधी दिसले नाहीत.

नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौज आली आणि इंग्रजांची धरपकड सुरू झाली. नाचणाऱ्यांचा म्होरक्या भर दुपारी घुंगरं-काठ्यांची ट्रंक टिपणीसांकडे टाकून लपायला गेला. जाताना म्हणाला, "सांभाळ. परत आलो की सहाही जण नाचू." माझा पासपोर्ट पळून गेलेल्या मालकाकडे, म्हणून मी अडकलो. टिपणीस म्हणाले, हॉस्पिटल सोडवत नाही. शीलावहिनी मुलीला घेऊन जॉर्डनच्या बसमध्ये चढताना मला म्हणाल्या, "एक्स-रे काढायला दुसरा मिळेल हो. यांना ती ट्रंक सोडवत नाही."

झडतीत शिपायांना त्या काठ्या म्हणजे हत्यारं वाटली. टिपणीसांनी घुंगरं बांधून नाचून दाखवलं. शिपाई पोट धरून हसले आणि जाताना टीव्ही घेऊन गेले. ट्रंक राहिली.

पुढच्या एक मेला कुवेत मोकळं होतं, पण तेलविहिरी जळत होत्या. सूर्य उगवला की नाही हे घड्याळाला विचारावं लागत होतं. पाण्याची बोंब असताना टिपणीसांनी सगळे रुमाल धुतले, इस्त्री केले, आणि आम्ही ट्रंक उचलून अहमदीला गेलो. पाचातले तिघे परतले होते. त्यांच्याबरोबर तीन इंग्रज सोल्जर होते, आदल्या संध्याकाळी पावलं शिकलेले.

म्होरक्याने टिपणीसांना मिठी मारली. "जय, तुझे उपकार विसरणार नाही. पण ही पोरं आमच्यासाठी लढली. यंदा घरच्यांनाच नाचू दे. तू ट्रंकेवर नजर ठेव."

"शुअर," टिपणीस म्हणाले.

एक सोल्जर दर वेळी उलट्या बाजूला उडी मारत होता आणि बाकीचे त्याच्या पाठीवर थाप मारत होते. काजळीने रुमाल करडे होत चालले. टिपणीस घरूनच पट्टे बांधून आले होते. वाजू नयेत म्हणून ते जागचे हलत नव्हते.

मला राहवेना. म्हटलं, "चला टिपणीस. अबू हलीफाला आपली उरलेली मंडळी जमलीत, शिरा केलाय. तिथे नाचा की, आपल्या माणसांत."

टिपणीस माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे तुम्ही हसता."