मुख्य मशीनची वायर

वैजयंतीताई नसत्या, तर मी आज पुन्हा पॅकिंगच्या टेबलावर खोकी चिकटवत बसले असते, नाहीतर गावी परत जायला किनवटची गाडी धरली असती. हे आधी सांगते, मग बाकीचं.

आमच्या कंपनीची भिवंडीत चार गोदामं. मालाच्या याद्यांच्या सगळ्या फाइली मात्र मुख्य गोदामातल्या एकाच काँप्युटरवर. तो बसला की चारही दारांत ट्रक उभे. फाइली चारही ठिकाणी वाटून ठेवायची व्यवस्था करायला ताईंना आणलं होतं. त्या अंजूरच्या. इंजिनियर, पण बोलणं गावचंच. मशीनला हात लावण्याआधी वही घेऊन हमालापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना विचारत फिरल्या, "तुला काय लागतं ते सांग. मशीनला काय लागतं ते मी बघते."

मी आठवीनंतर शाळा सोडलेली, पॅकिंगवरून नुकतीच याद्या भरायला काँप्युटरवर बसवलेली. मी काय सांगणार?

"घाबरतेस काय गो? इथं बसून काम तू करतेस, साहेब न्हाय."

मग सांगितलं. दोघांनी एकच यादी उघडली, की नंतर सेव्ह करणाऱ्याचं राहतं, आधीच्याचं पुसलं जातं.

दोनच दिवसांनी तसंच झालं. माझ्या सेव्हने दुसऱ्या गोदामातल्या सलीमभाईंच्या नोंदी पुसल्या आणि ट्रक अर्धा रिकामा गेला. मॅनेजर सगळ्यांदेखत ओरडले, "आठवी पास के हाथ में काँप्युटर दिया ना! उद्यापासून पॅकिंगला."

ताईंनी वही त्यांच्यापुढे आपटली. "हिनं हे परवाच सांगितलं हाय. चूक हिची न्हाय, रचनेची हाय. हिला काढायचं तर आधी मला काढा."

"व्यवस्था लावायला दोन आठवडे देतो," मॅनेजर म्हणाले. " नाही जमलं तर दोघी जा."

दोन आठवड्यांनी, भर दुपारी, ट्रक लागलेले असताना ताई मला म्हणाल्या, "ओढ मुख्य मशीनची वायर." मी टेबलाखाली वाकले. ओढली. स्क्रीन काळी झाली. दुसऱ्या गोदामात फोन लावला, तर सलीमभाई म्हणाले, "इधर तो सब चालू है. क्यूँ, क्या हुआ?" प्रत्येक फाइलची प्रत आणखी दोन गोदामांत होती. आणि एकाच यादीत दोघं लिहायला गेलो, तर आता दुसऱ्याला सेव्ह करण्याआधी पहिल्याच्या नोंदींसकट ताजी यादी दिसत होती.

"परवानगी कोणी दिली?" मॅनेजर लाल झाले.

"मशीन मरताना परवानगी मागत न्हाय साहेब. मग मी कशाला मागू?"

माझी खुर्ची राहिली. ताईंचा करार मात्र वाढवला नाही. त्या उलट बोलतात म्हणे. निघताना हसून म्हणाल्या, "मला काम मिलंल गो. तू बाहेरून दहावीचा फॉर्म भर."

भरलाय, ताई. मॅनेजरसमोर अजून माझा आवाज फुटत नाही. पण कामाला कोणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी मी एक दिवस बसणार. त्या दिवशी पहिला फोन तुम्हाला करणार, मग कोणाला पटो न पटो.