दाराशी चपलांच्या दोन जोड्या

रज्जाक गेल्याचं झुबेदाभाभींनी सकाळी भिंतीपलीकडून हाक मारून सांगितलं. शेजारी म्हणून मीच पहिला पोचलो आणि दारातच थबकलो. उंबऱ्याबाहेर नेहमीच्या दोन जोड्या होत्या, पण त्यातली एक घराकडे तोंड करून. असं मी कधी पाहिलं नव्हतं...

मी भूगोलाचा मास्तर. ज्वालामुखी फळ्यावर खडूनं काढण्यात जन्म गेला. रज्जाक जहाजावर स्वयंपाकी, त्यानं तो डोळ्यांनी पाहिलेला. "मास्तर, तुमचा डोंगर लई गरीब हाय, कुनाला भाजत न्हाय," अशी माझी फिरकी घ्यायचा.

जहाज दुरुस्तीला लागलं, तेव्हा तो आणि जहाजावरचाच मोडनिंबचा दिनकर एका बेटावर राहिले होते. किनाऱ्यालगत उंच डोंगर, माथ्यावरच्या विवरात हिरवं तळं. घरमालकीण म्हातारी कड्यातले राखेचे थर दाखवायची: हा आज्याच्या वेळचा, हा माझ्या लग्नानंतरचा. दोन्ही खेपेला डोंगर फुटायच्या आधी तळं दुधासारखं पांढरं झालेलं. पळायची वेळ आली तर चटकन पायात सरकवता याव्यात म्हणून तिथले लोक झोपताना चपला समुद्राकडे तोंड करून ठेवत. एके दिवशी हे दोघं वर चढले, तर पाणी पांढरं. दिनकर म्हणाला, खाली जाऊन सांगू. रज्जाक हसला, "ढग दिसतोय रं पान्यात."

तिसऱ्या दिवशी डोंगर फुटला. रज्जाक होडीकडे पळाला. मागून दिनकर ओरडला, "थांब की रज्जाक, चपला घालू दे!" हा थांबला नाही. दिनकर होडीपर्यंत आलाच नाही.

हे त्यानं मला एकदाच सांगितलं. त्यानंतर दाराशी दिनकरच्या मापाची जोडी का असते, हे मी विचारलं नाही. आपली काळी माती लाव्हाचीच, हे शहाणपण मात्र मीच त्याला शिकवलं. त्या दिवसापासून तो रोज आडात डोकावून पाण्याचा रंग बघू लागला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

"भाभी, ही जोडी कुणी फिरवली?" दिनकरच्या मापाच्या चपलांकडे बोट दाखवत मी त्या सकाळी विचारलं.

"मी हात बी लावला न्हाय, मास्तर. काल त्येनीच पुसून सरळ ठेवलीती."

दफन करून परतलो, तर दोन्ही जोड्या बाहेर तोंड करून, एकमेकींना खेटून. गर्दीत कुणाचा पाय लागला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

चाळिसाव्याला भाभींनी त्या आत घ्यायला सांगितल्या. उचलल्या, तर चारही चपलांच्या तळाला बारीक, करडी राख. थांबलास ना रे या खेपेला, असं मी मोठ्यानंच म्हणालो. आमच्या सोलापूरची माती काळी असते. तीस वर्षं मी तेच शिकवत आलोय.