माझ्या हातची बुरशी

"तुमच्या त्या दिव्याच्या चाळीत पाणी येतं का रे?" सरांनी विचारलं. समोर पाहुणे. पेशी वाढवायच्या डिशमध्ये हिरवट बुरशी.

"येतं ना सर, कधीमधी," मी म्हणालो. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मीच.

सर पाहुण्यांकडे वळले. "बघा, इन्फेक्शन कुठून येतं ते."

मानपाड्याच्या आमच्या प्रयोगशाळेत पॉलिमरची जाळी बनते. तिच्यावर भाजलेल्या माणसाच्या पेशी वाढवायच्या. नवी कातडी धरली की जाळी अंगातच विरघळून जाते. ती जाळी मी बनवलेली. पेशीही मीच वाढवायचो. मुलाखतीत सरांनी माझं आडनाव दोनदा विचारलेलं. मला वाटलं, बिचाऱ्यांना कमी ऐकू येतं. इतका मी हुशार.

त्या दिवसापासून मी स्वतःवरच पाळत ठेवली. शेजारणीच्या पिंपातलं पाणी मागून दोनदा आंघोळ. स्पिरिटने हात इतके पुसले की कातडी सोलवटली. कपाटामागे उभा राहून स्वतःच्या बगला हुंगायचो. झाडूवाल्या मावशींनी एकदा पकडलं. "काय रे, उंदीर मेलाय का?"

"शोधतोय मावशी."

मग कावीळ झाली. बरेच दिवस घरीच पडलेलो. परत आलो तर माझ्यामागे लावलेल्या ताज्या डिशमध्येही बुरशी. मी खूश! पेढे वाटायचेच बाकी होते.

सर म्हणाले, "जाण्याआधी कशाला तरी हात लावला असशील."

हसू तोंडातच राहिलं. म्हणजे मी असलो तरी मीच, नसलो तरी मीच. गावात माझ्या बापाच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. माझ्या हातावर स्पिरिट.

"उद्यापासून आतल्या खोलीत यायचं नाहीस," सर म्हणाले. "जाळी बनव, दारात ठेव. पुढचं बाकीचे बघतील."

"नाही सर."

आवाज चिरका निघाला. पण निघाला.

"काय नाही?"

"दारात ठेवणार नाही. आधी सगळ्यांच्या हातांचे स्वॅब घ्या. माझाही घ्या. पहिला तुमचा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

आत गेलो, हातमोजे चढवले, कामाला लागलो.

स्वॅब अजून कुणाचाच झालेला नाही. बुरशी येते, जाते. मी रोज आत जातो. बाकीचे धुतात तेवढेच हात धुतो, एक थेंब जास्त नाही. सरांना मला बाहेर काढायचंच असेल, तर हाताला धरून काढावं लागेल.