तळाचे पाणी

ओल्या दोरीला एक वास असतो: मिठाचा, शिळ्या कोळंबीचा, आणि त्याखाली कुठेतरी गंजलेल्या लोखंडाचा. आमच्या गाडीच्या डिकीत तो वर्षानुवर्षे मुरला आहे. बहरीनमधल्या आमच्या हमद टाउनचा शेवटचा राउंडअबाउट मागे पडला, की एसीच्या थंड झोतातही तो पुढच्या सीटपर्यंत येतो, आणि आज शुक्रवार आहे हे मला कुणी सांगावे लागत नाही.

दोरी माझ्या नवऱ्याची. सीफमधल्या एका मॉलच्या चिलर प्लांटवर तो इंजिनिअर होता; तापमान हा त्याचा व्यवसाय, आणि शुक्रवारच्या सुटीत छंदही. अलिबागकडे, जिताड्याच्या तळ्याकाठी वाढलेला माणूस. इथे जिताडा नाही म्हणून त्याने हामूरशी सोयरीक केली. हामूर म्हणजे आपल्याकडचा गोबरा. मुहर्रकच्या एका जुन्या धक्क्यावर तो आधी पाण्याचे तापमान घ्यायचा, मग गळ टाकायचा. पाणी अठरावर उतरले की हामूर खोल खळग्यात निपचित पडून राहतो, बावीस-तेवीसला काठच्या खडकांत येतो, तिशीच्या पुढे पुन्हा खोलात निघून जातो, हा त्याचा सिद्धान्त. तो आकडा मोठ्याने उच्चारायचा, मी वहीत लिहायची. आकड्याशेजारी मी एखादे विशेषणही ठेवायची: पाणी शिशासारखे, पाणी झोपेतल्या श्वासासारखे.

‘कवयित्रीबाई, विशेषणाला मासा लागत नाही,’ तो हसायचा. ‘आकडा लिही फक्त.’

मागच्या डिसेंबरात त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय महिनाभरात सावरले. बोलणे गेले ते गेलेच. भाषोपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, सवयीच्या जागी सवयीचे शब्द कधी कधी परत येतात. मी ‘परत येतात’ एवढेच ऐकले. एक शब्द, कोणताही. त्याच्या आवाजातला एक आकडा. त्याहून अधिक मी काही मागत नव्हते.

जानेवारीत मी त्याला धक्क्यावर नेऊ लागले. थर्मामीटर दोरीला बांधून खाली सोडायची, वर ओढायची आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरायची. ‘किती रे? सांग ना.’ तो थर्मामीटर ढकलून द्यायचा. एकदा तर त्याने बर्फाच्या पेटीवर मूठ आपटली. याला बोलायचेच नाही, असे मी तीन शुक्रवार मनात धरून बसले.

चौथ्या शुक्रवारी, वर्षानुवर्षे त्याच्या शेजारी गळ टाकणारा म्हातारा बहरीनी आपल्या घडीच्या खुर्चीवरून उठून आला.

‘मॅडम, तुम क्या करता? चाय का पत्ती डुबाता?’ तो खो खो हसला. मग वाकून त्याने आमच्याच पेटीतली एक काचेची बाटली काढली. बुडाला शिसे बांधलेले, बुचाला वेगळी दोरी. ‘तुम्हारा आदमी ऐसा करता. बोतल नीचे जाता, बाद में ढक्कन खींचो. नीचे का पानी बोतल में बंद. तुम्हारा थर्मामीटर ऊपर आता आता रास्ते में झूठ सीखता.’

इतकी वर्षे मी त्या धक्क्यावर नवऱ्याकडे पाठ करून, क्षितिजाकडे तोंड करून बसले होते. ती बाटली मी कधी पाहिलीच नव्हती. तो मला नाकारत नव्हता. चुकीचा आकडा नाकारत होता. आत कुणीतरी जागे होते, आणि अजून तळाच्या पाण्याचा आग्रह धरून होते. मी तिथेच, दोघांसमोर, आनंदाने रडले.

त्यानंतर बाटली. बूच निघाले की खालून बुडबुड्यांची माळ वर यायची, तिचा अगदी बारीक आवाज तो मान कलती करून ऐकायचा. पण ओठ मिटलेले. मार्चमध्ये म्हाताऱ्याला हामूर लागला. तपकिरी ठिपक्यांचा, उघड्या कल्ल्यांचा. तो त्याने माझ्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. ‘यल्ला, बोलो! हामूर!’ नवऱ्याने माशाच्या पाठीवरून हात फिरवला. ओठ विलगले. बाहेर आला तो नुसता श्वास.

ऑगस्टमध्ये धक्क्याच्या तापल्या कठड्याला हात लाववत नव्हता. बाटलीतले पाणी न्हाणीतल्या पाण्यासारखे कोमट, चौतीस. ‘मफी मछली, मॅडम,’ आता मासा नाहीच, म्हणत म्हाताऱ्याने खुर्ची मिटली. ‘आदमी को घर में बिठाओ, ठंडा में.’ मी ऐकले नाही. नवऱ्याच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि त्याच्याकडून ‘चौतीस’ म्हणवून घ्यायला धडपडत राहिले. वहीत आता फक्त आकडे होते. विशेषणे मी केव्हा सोडली, आठवत नाही.

नोव्हेंबरात पाणी पंचवीसवर आले. धक्क्यावर माणसे परतली, खडकांत मासाही परतला असावा. मी बाटली वर घेतली, थर्मामीटर तिच्यात बुडवला आणि त्याच्यापुढे धरला.

‘पंचवीस. म्हण. पं-च-वीस.’ बोबड्या मुलाशी बोलावे तशी मी बोलत होते. ‘नीट बघ. माझ्या तोंडाकडे बघ. पं...’

म्हाताऱ्याने तोंड दुसरीकडे फिरवले.

नवऱ्याने माझ्या हातातून बाटली काढून घेतली; हिसकावली नाही. पाणी धक्क्यावरून खाली ओतले. थर्मामीटर पुसून डबीत ठेवला. दोरीची वेटोळी केली, पूर्वी करायचा तशीच, एकसारखी. मग माझ्याकडे पाहिले. ओठ मिटले, थरथरले, पुन्हा मिटले. वर्षभर मी ज्याची वाट पाहिली तो आवाज आला. थोडा घोगरा, पण त्याचाच, आणि उच्चार अगदी स्वच्छ.

‘पुरे.’